पिंपाचे वय, उन्हाचा हिशेब

१/ वैशाखात मुदखेडच्या माठातले पाणी पाझरून आटते; ओकच्या पिंपात मुरणाऱ्या व्हिस्कीचेही तसेच घडते. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला सुमारे २ टक्के मद्य उडून जाते. गोव्यात, जिथे पॉल जॉन सिंगल माल्ट मुरते, तिथे कितीतरी अधिक. पण लाकडाचा गुणही लवकर उतरतो.

२/ पिंपांची परंपराही सोयीतूनच जन्मली. ब्रिटनमध्ये रिकामी झालेली शेरीची पिंपे स्कॉटिश भट्ट्यांनी वापरली. १९३०च्या दशकात अमेरिकेने बर्बनसाठी नवे पिंप सक्तीचे केले, तेव्हा जुनी पिंपे स्कॉटलंडला मिळू लागली.

३/ म्हणून ‘बारा वर्षे मुरली, तीच श्रेष्ठ’ हा निकष मला अमान्य आहे. तो थंड प्रदेशाचा मापदंड आहे. गुण देताना आधी विचारावे : पिंप कोणते, आणि ऊन कुठले?