दिवाणगिरीच्या मोलाने दिलेली मुलगी: बायजाबाई शिंदे

१. जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या काठी असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने येथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई या रणात होत्या, असे परंपरा सांगते. हा प्रसंग सर्वांना आवडतो. त्याआधी पाच वर्षे झालेल्या त्यांच्या लग्नाची हकीकत मात्र साखरेत घोळवूनच सांगितली जाते.

२. प्रचलित कथा अशी: तरुण दौलतराव एका लावण्यवतीवर भाळले. वस्तुस्थिती अशी: १७९८ साली नाना फडणवीस कैदेत होते, दुसरा बाजीराव शिंद्यांच्या देण्यात अडकला होता आणि कागलच्या सखाराम घाटगे ऊर्फ सर्जेरावांना शिंद्यांची दिवाणगिरी हवी होती. मुलगी सुमारे चौदा वर्षांची. पुण्यात लग्न लागले, सर्जेराव दिवाण झाले.

३. फौजेचे पगार थकलेले, त्यात लग्नाचा खर्च. वसुलीसाठी सर्जेरावांनी पुण्यातील सावकारांचा आणि प्रतिष्ठितांचा अमानुष छळ केला. ज्या सौद्याची किंमत एका शहराने भोगली, त्याला प्रेमकथा म्हणणे ही इतिहासाची थट्टा आहे.

४. ‘त्या काळी असेच चालत असे’ हा नेहमीचा बचाव. चालत असे, हे खरे. आणि केवळ येथेच नव्हे. ११५१ साली जर्मनीतील श्टाडे घराण्याची तरुण रिखार्डिस बासुमच्या मठाची प्रमुख झाली. तिचा भाऊ हार्टविग ब्रेमेनचा आर्चबिशप होता. तिच्या आधीच्या मठाची प्रमुख हिल्डेगार्ड हिने या नेमणुकीमागच्या महत्त्वाकांक्षेवर तेव्हाच बोट ठेवले आणि तक्रार पोपपर्यंत नेली. पुढच्याच वर्षी रिखार्डिस वारली. म्हणजे ‘त्या काळी’ही हे खुपणारी माणसे होती. प्रथा कृत्याचे स्पष्टीकरण देते, त्याला निर्दोष ठरवत नाही.

५. दुसरी चूक याच्या उलट: बायजाबाईंना कायमचे प्यादे ठरवणे. सर्जेराव १८०९ मध्ये मारले गेले. १८२७ साली दौलतराव निपुत्रिक वारले. त्यानंतर जनकोजीरावांना दत्तक घेऊन बायजाबाईंनी १८३३ पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार स्वतः पाहिला. उज्जैनच्या पेढ्यांत त्यांचा पैसा खेळत होता. कंपनी सरकारही त्यांचे कर्जदार होते. दत्तक पुत्राच्या हाती सत्ता देण्यास त्यांनी टाळाटाळ केली आणि अखेर त्यांना ग्वाल्हेर सोडावे लागले. हे कर्तृत्व त्यांचे. हा दोषही त्यांचाच.

६. म्हणून खाती वेगळी मांडावीत. १७९८ चे खाते सर्जेरावांच्या नावे, १८२७ ते १८३३ चे बायजाबाईंच्या. ‘देखणी मुलगी’ या दोन शब्दांत दोन्ही खाती बुडवणाऱ्या लेखनाने बापाचा गुन्हा झाकला आणि लेकीचे राज्यही.