खरें सांगणाऱ्यास शिक्षा कां?

वार्षिक परीक्षेस आठ दिवस उरले असतां मुलाच्या पाठीवर कांजिण्यांचे फोड दिसूं लागले, म्हणजे पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही एक खलबत सुरू होतें. शाळेस कळवावें, तर मुलाला घरीं बसवितील. न कळवावें, तर शेजारच्या बाकावरील मुलास रोग जडेल. मुलाला लांब बाह्यांचा सदरा घालून परीक्षेस धाडणारे पालक दुष्ट असतात असें नाहीं. कळविल्यानें आपलेंच नुकसान होतें, एवढें ते अनुभवानें शिकलेले असतात. याच घरगुती प्रश्नाचें विराट स्वरूप करोनाच्या सांथींत सर्व जगापुढें उभें राहिलें, व त्याविषयींचें माझें मत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम विषाणूचा माग कसा काढतात तें पाहूं. करोनाचा विषाणु म्हणजे जणूं चारच अक्षरांत लिहिलेली, सुमारें तीस हजार अक्षरांची एक पोथी होय. मनुष्याच्या पेशींत शिरल्यावर तो तेथील सामग्रीवर या पोथीच्या असंख्य नकला करवितो, आणि नकला करतांना चुका व्हावयाच्याच. छापखाने नव्हते त्या काळीं आपल्याकडे पोथ्या हातानें उतरून घेत. एका लेखकाचा हस्तदोष त्याच्या प्रतीवरून उतरलेल्या सर्व प्रतींत जाई. एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती अशा शिरलेल्या अपपाठांमुळेंच. नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांचे अभ्यासकही कोणती प्रत कोणत्या घराण्यांतील हें समान चुकांवरून ओळखतात. करोनाच्या एकेका वंशशाखेंत दर महिन्यास सुमारें दोन अक्षरें पालटतात. रुग्णाच्या नाकांतील स्राव घेऊन त्यांतील विषाणूचीं सर्व अक्षरें यंत्राच्या साह्यानें क्रमवार वाचलीं, व दोन गांवांत तेच पाठभेद आढळले, कीं सांथ कोणत्या वाटेनें गेली याचा अंदाज करतां येतो. बहुतेक पाठभेद निरुपद्रवी असतात. परंतु एखादा पाठ असलेल्या नमुन्यांचें प्रमाण आठवड्यागणिक चढूं लागलें, तर नवा प्रकार जुन्यावर मात करीत असल्याची ती आगाऊ सूचना असते. मात्र ही सूचना ज्याच्याजवळ वाचण्याचीं साधनें आहेत त्यालाच मिळते. आणि मिळाल्यावर ती जगास सांगावी कीं न सांगावी, हें त्याच्याच हातीं राहतें.

या विषाणूची सबंध पोथी ११ जानेवारी २०२० रोजीं शांघायचे प्रोफेसर झांग योंगझेन यांनीं, ऑस्ट्रेलियांतील आपले सहकारी एडवर्ड होम्स यांच्या द्वारें, जगासाठीं खुली केली. तिच्यावरून चाचण्या व लशी बनविण्याचें काम तत्काळ सुरू झालें. दुसऱ्याच दिवशीं झांग यांची प्रयोगशाळा ‘सुधारणेसाठीं’ बंद ठेवण्याचा हुकूम सुटला!

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ब्रिटननें केंट परगण्यांतील एक नवा प्रकार जाहीर केला. तेथील शास्त्रज्ञ फार मोठ्या संख्येनें नमुने वाचीत असल्यामुळें तो लवकर सांपडला. लगेच फ्रान्सनें सरहद्द बंद केली व मालमोटारींच्या रांगा लागल्या. आपल्या सरकारनेंही २२ डिसेंबरच्या मध्यरात्रीपासून ब्रिटनहून येणारीं विमानें थांबविलीं. आपणही त्यांतलेच, हें विसरतां कामा नये.

पुढें आपली पाळी आली. भारत सरकारनें डिसेंबर २०२० मध्यें दहा प्रयोगशाळांचा एक संघ स्थापन केला होता, व त्यांत पुण्याच्या दोन संस्था होत्या. महाराष्ट्रांतील १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन विशिष्ट पाठभेद आढळल्याचें केंद्रीय आरोग्य खात्यानें २४ मार्च २०२१ रोजीं जाहीर केलें. वाचलें वेळेवर, वागण्यांत मात्र ढिलाई झाली, तो निराळा विषय आहे. याच घराण्याच्या एका शाखेनें पुढें सर्व जग व्यापिलें, आणि वृत्तपत्रें तिला ‘भारतीय’ म्हणूं लागलीं. आपणांस त्याचा राग आला, व तो योग्यच होता. १९१८ सालच्या इन्फ्ल्युएंझास ‘स्पॅनिश’ हें नांव पडलें, तेंही असेंच. महायुद्धांत तटस्थ असल्यामुळें स्पेनच्या पत्रांतून रोगाची बातमी मोकळेपणानें छापली जाई. लढणाऱ्या राष्ट्रांनीं ती दडपून ठेविली. अखेर ३१ मे २०२१ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें या प्रकारांस ग्रीक अक्षरांचीं नांवें दिलीं, आणि ज्या अक्षरांशीं विद्यार्थ्यांची गांठ गणिताच्या तासाला पडते, त्यांतील ‘डेल्टा’ हें आपल्या वांट्यास आलें.

परंतु सर्वांत बोलकें उदाहरण दक्षिण आफ्रिकेचें आहे. नोव्हेंबर २०२१ मध्यें जोहान्सबर्ग व प्रिटोरिया हीं शहरें ज्या गाउटेंग प्रांतांत आहेत, तेथें रुग्ण एकाएकीं वाढूं लागले. नेहमींची चाचणी विषाणूच्या तीन खुणा शोधी. त्यांपैकीं एक खूण पुष्कळ नमुन्यांत सांपडेनाशी झाली. ही विचित्र गोष्ट तेथील प्रयोगशाळांच्या नजरेंतून सुटली नाहीं. नमुने तांतडीनें वाचले गेले. विषाणूच्या पृष्ठभागावर जे कांटे असतात, त्यांच्या रचनेंत तीसांहून अधिक बदल आढळले. शेजारच्या बोट्स्वाना देशांतील शास्त्रज्ञांसही त्याच सुमारास तेंच दिसलें. तूलियो द ऑलिव्हेरा व त्यांचे सहकारी यांनीं ही बातमी दडवून ठेविली नाहीं. २५ नोव्हेंबर रोजीं ती जगापुढें ठेविली.

त्याच दिवशीं संध्याकाळीं ब्रिटननें आफ्रिकेच्या दक्षिणेकडील सहा देशांचीं विमानें बंद केल्याचें जाहीर केलें. दुसऱ्या दिवशीं युरोपांतील इतर राष्ट्रें व अमेरिका यांनीं तोच मार्ग धरला. वर्षापूर्वीं स्वतः जें सोसलें, तें ब्रिटन इतक्या लवकर विसरलें! नमुने वाचण्यास लागणारीं रसायनें विमानांनींच येत असल्यामुळें तीं संपतील कीं काय, अशी चिंता त्या शास्त्रज्ञांस पडली. आमच्या कौशल्याबद्दलच आम्हांस शिक्षा होत आहे, अशा आशयाची तक्रार तेथील सरकारनें केली. आणि मग ३० नोव्हेंबर रोजीं हॉलंडनें जाहीर केलें कीं, आपल्याकडील १९ व २३ तारखांच्या नमुन्यांतही हाच ओमिक्रॉन सांपडला आहे. म्हणजे आफ्रिकेनें तोंड उघडण्यापूर्वींच तो युरोपांत पोंचला होता. ब्रिटननें १५ डिसेंबर रोजीं बंदी उठविली. कारण तोंवर रोग त्यांच्या घरोघरीं शिरला होता.

कोणी म्हणेल, ‘मग काय दारें सताड उघडीं ठेवावयाचीं?’ तसें माझें म्हणणें नाहीं. येणाऱ्या प्रवाशांची चाचणी घ्यावी व त्यांस कांहीं दिवस वेगळें ठेवावें. पण हा नियम सर्व देशांच्या उतारूंस सारखाच लागू असावा. जो प्रथम सांगतो, त्याचें नुकसान इतरांनीं वांटून घ्यावें. लशी, औषधें व रसायनें त्यास आधीं मिळावींत. नाहीं तर पुढच्या वेळीं एखादें सरकार आपल्या शास्त्रज्ञांस म्हणेल, ‘इतकें बारकाईनें वाचतां कशाला?’ जो मुळीं वाचीतच नाहीं, त्याच्या विमानांस कोण अडवितो? महामारीविषयक एक करार २० मे २०२५ रोजीं जिनीव्हा येथें राष्ट्रांनीं मान्य केला. परंतु रोगजंतूंचे नमुने देणाऱ्या देशांस लशींत व औषधांत कोणता वांटा मिळावा, हा भाग पुढील वाटाघाटींवर सोंपविण्यांत आला. माझ्या मतें तोच भाग आधीं व्हावयास हवा होता.

राष्ट्रांचें त्यांच्याजवळ. शाळांना मात्र एक गोष्ट उद्यांच करतां येईल. ताप, गोवर किंवा कांजिण्या झाल्याचें जो विद्यार्थी आपण होऊन कळवील, त्याची परीक्षा बरा झाल्यावर वेगळी घेतली जाईल व त्याचे गुण कापले जाणार नाहींत, एवढें वाक्य परीक्षेच्या वेळापत्रकाखालींच ठळक अक्षरांत छापावें.