दामदुपट आणि क्रेडिट कार्ड
एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक नसावे, हा दामदुपटीचा दंडक मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंच्या बाबतीत पाळीत आली, आणि सावकारांविरुद्धच्या 1875 च्या दंग्यांनंतर 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशास कर्जरोख्यामागील खरा व्यवहार तपासण्याची मुभा दिली. त्याच प्रांतातील क्रेडिट कार्डधारक आज तशा संरक्षणावाचून आहे, ही गोष्ट मला अत्यंत क्लेशदायक वाटते. त्याच्या मासिक हिशेबाचा कागद पाहावा: 20,000 रुपयांच्या देण्याशेजारी ‘किमान देय रक्कम’ म्हणून 1,000 चा आकडा ठळक छापलेला असतो, आणि तेवढाच भरणा केला की बिनव्याजी मुदत संपुष्टात येऊन दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे सालिना 42 टक्के, व्याज चढू लागते, ते नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांवरील व्याजास अनुचित व्यापारी प्रथा ठरविले होते. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला, आणि बँकिंग नियमन कायद्याचे कलम 21-अ तर दर अवाजवी आहे एवढ्या कारणास्तव बँकेचा व्यवहार पुन्हा उघडण्यास न्यायालयांना मज्जावच करते. रिझर्व्ह बँकेने 2022 च्या निर्देशांन्वये न मागितलेले कार्ड पाठविण्यास बंदी केली, हे उत्तम झाले. परंतु व्याजाची निश्चित कमाल मर्यादा त्या निर्देशांत नाही. ती संसदेनेच घालावी, कार्डाची कर्जे कलम 21-अ मधून वगळावीत, आणि थकबाकीस दामदुपट लागू करावी.