आर्ट्स-सायन्सची भिंत आणि आपली मुले

बारावीचा निकाल लागला की आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही काही कार्यकर्ते टेबल टाकून बसतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीचा अर्ज, वसतिगृहाची यादी, अशी ती कामे. पण नवे शैक्षणिक धोरण महाविद्यालयांत आल्यापासून टेबलावर एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. "दादा, मेजर कोणता घेऊ आणि मायनर कोणता?"

यंदा हा प्रश्न घेऊन एक मुलगी आली. बारावी सायन्स, गणितात चांगले गुण. वडील कंत्राटी सफाई कामगार. तिला संख्याशास्त्रही शिकायचे आहे आणि समाजशास्त्रही. वडील म्हणाले, "सर, एवढं सायन्स शिकवलं आणि आता आर्ट्स? म्हणजे पोरगी खालीच उतरली की." आमच्यातला एक कार्यकर्ता म्हणाला, "चळवळीला विचारवंत हवेत, सरळ आर्ट्सला जा." दुसरा म्हणाला, "आधी पोटापाण्याचं बघ, सायन्स सोडू नकोस. समाजशास्त्र घरी वाचता येतं." टेबल बाजूला राहिले आणि आमच्यातच भांडण जुंपले. हा लेख त्या भांडणातून आलेला आहे.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. वडिलांची काळजी खरी आहे, पण दोन्ही कार्यकर्त्यांचा सल्ला चुकीचा आहे. आपल्या मुलांनी आर्ट्स आणि सायन्सच्या मधली भिंत ओलांडून विषय निवडले पाहिजेत. तो श्रीमंतांच्या पोरांचा शौक नाही, आपली गरज आहे. आणि ही निवड डोळे उघडे ठेवून केली नाही तर तिचा सर्वांत मोठा फटकाही आपल्यालाच बसेल.

कोणी काय शिकायचे, हा प्रश्न या देशात कधीच निव्वळ आवडीचा नव्हता. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवायला नकार मिळाला आणि त्यांना पर्शियन घ्यावे लागले. विषयाची निवड आधी जातीने केली, विद्यार्थ्याने नंतर. पुढे त्यांनी स्वतःच्या कष्टाने संस्कृत मिळवले आणि ज्या ग्रंथांपासून त्यांना दूर ठेवले होते त्याच ग्रंथांची चिकित्सा केली. बंद ठेवलेला विषय हस्तगत करणे हे आपल्या परंपरेत पहिल्यापासून बंडच आहे.

1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी काय केले तेही पाहा. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. त्याचे 29 अभ्यासक्रम त्यांनी घेतले. त्याशिवाय इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4 आणि राज्यशास्त्राचे 3. फ्रेंच आणि जर्मन भाषांचा प्रत्येकी एक. आणि जातिसंस्थेवरचा त्यांचा पहिला मोठा निबंध कोठे वाचला गेला? 9 मे 1916 रोजी, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या विषयाच्या वर्गात जाऊन जातीचे कोडे मांडले! आजच्या भाषेत मेजर अर्थशास्त्र आणि परीक्षा घेतली जातीची.

याचे फळ पुढे दिसले. 1918 मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिले. तुकडे जोडा, शेत मोठे करा, असे बाकीचे सांगत होते. बाबासाहेबांनी दाखवले की जमिनीवर माणसांचा भार जास्त आहे, म्हणून शेतीच्या दुखण्याचा उपाय औद्योगिकीकरणात शोधला पाहिजे. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना ते दामोदर खोऱ्यासारख्या नदीप्रकल्पांवर आणि विजेच्या धोरणावर काम करत होते. चवदार तळ्याचे पाणी आणि दामोदरचे पाणी हे त्यांच्यासाठी दोन वेगळ्या विद्याशाखांचे विषय नव्हते. आणि त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले, तेव्हा आपल्या पोरांना फक्त कला शाखा पुरे, असे काही ठरवले नाही. विज्ञानही आणले.

मग आपल्या डोक्यात ही भिंत आली कोठून? ती दहावीनंतर उभी राहते. सोळाव्या वर्षी एक अर्ज भरायचा आणि आयुष्याची दिशा ठरवायची. आणि या भिंतीचे दार एकाच बाजूने उघडते. सायन्सवाल्याला उद्या इतिहास घेता येतो, पण आर्ट्सवाल्याला भौतिकशास्त्र घेता येत नाही. ज्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात सायन्सची तुकडीच नाही, तिथल्या मुलाने निवड केली असे म्हणायचे तरी कसे? वर सायन्स, मध्ये कॉमर्स, खाली आर्ट्स, ही उतरंड आपण ओळखायला हवी. उतरंडीत जगणे काय असते, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायची गरज नाही. तरी आपणही म्हणतो, "खाली उतरली."

या भिंतीची किंमत आपण कशी मोजतो, त्याचे एक उदाहरण देतो. गटारात उतरलेला आपला माणूस मरतो. बातमी येते, "गुदमरून मृत्यू." आपण मोर्चा काढतो, आणि तो काढलाच पाहिजे. पण त्या गटारात हायड्रोजन सल्फाइड हा वायू असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची ताकदच बधिर होते. म्हणजे "वास येत नाही, उतर" असे म्हणणारा मुकादम माणसाला मृत्यूच्या तोंडी देत असतो. हे रसायनशास्त्र ज्याला कळते, त्याला 2013 चा हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा माहीत नसतो. ज्याला कायदा माहीत आहे, 2014 च्या निकालातली 10 लाखांची आणि ऑक्टोबर 2023 च्या निकालातली 30 लाखांची भरपाई माहीत आहे, त्याला शवविच्छेदनाचा अहवाल वाचता येत नाही. आणि त्या गटारात एकाच समाजाची माणसे का उतरतात, हे विचारायला समाजशास्त्र लागते. तीन विषय तीन माणसांकडे असतात आणि ती तीन माणसे एकमेकांना भेटत नाहीत. तोवर ठेकेदार सुटलेला असतो.

दुसरे उदाहरण आकड्यांचे. 1 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली. 30 एप्रिल 2025 रोजी केंद्र सरकारने आगामी जनगणनेत जातींची मोजणी करण्याचे जाहीर केले. उपवर्गीकरणावर आपल्यात टोकाचे मतभेद आहेत, ते असू द्या. पण दोन्ही बाजूंना उद्या लढायचे आहे ते तक्त्यांवर. प्रतिनिधित्व अपुरे आहे हे कशावरून ठरवले? कोणती नोकरी मोजली, कोणती सोडली? कंत्राटी पदे धरली का? हे प्रश्न विचारायला संख्याशास्त्र लागते आणि जातीचा इतिहासही लागतो. फक्त एकच येत असेल तर आपण एक तर घोषणा देऊ, नाही तर दुसऱ्याने केलेला तक्ता मान खाली घालून मान्य करू.

आता आक्षेप. आमचे अनेक साथी म्हणतात, हे सगळे नव्या धोरणाचे गुणगान झाले. तसे नाही. धोरणातली सर्वांत मोठी मेख आम्हाला दिसते. एक वर्षाने बाहेर पडा, प्रमाणपत्र घ्या. दोन वर्षांनी पडा, पदविका घ्या. ही दारे कोणासाठी आहेत? ज्याच्या घरी पैसा आहे तो चार वर्षे पूर्ण करून ऑनर्स घेईल. घरातला कमावता आजारी पडला की बाहेर पडेल ते आपलेच पोर. पूर्वी त्याला गळती म्हणत, आता प्रमाणपत्र म्हणतील. भारतीय ज्ञान प्रणाली हा विषय सक्तीचा केला आहे, त्यातही बुद्धाचा प्रतीत्यसमुत्पाद, नालंदा, कातडे कमावणाऱ्याचे आणि विहीर खोदणाऱ्याचे ज्ञान कोठे आहे, हे वर्गात उभे राहून विचारलेच पाहिजे. आणि ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेचा घ्या, असे कागदावर छान लिहिले आहे. पण जिथे दुसरी विद्याशाखाच नाही आणि प्राध्यापक तासिका तत्त्वावर राबतात, तिथे मुलांना मिळते ते उरलेसुरले.

हे सगळे खरे असूनही आम्ही म्हणतो, धोरणाशी भांडा, पण विषय सोडू नका. त्यांनी दार अर्धे उघडले असेल तर आपण पूर्ण ढकलायचे. दार वाईट आहे म्हणून बाहेर बसून राहण्यात कसला स्वाभिमान?

म्हणून टेबलावर आम्ही आता मुलांना काय सांगतो, ते इथे लिहून ठेवतो.

पहिले, विषयाआधी प्रश्न ठरवा. आपल्या वस्तीत पाणी घाण का येते? आपल्या आयांच्या अंगात रक्त कमी का? जो प्रश्न झोपू देत नाही, त्याला कोणते दोन विषय लागतात ते बघा.

दुसरे, एक विषय खोल करा. बाबासाहेबांनी अनेक विषय घेतले, पण 29 अभ्यासक्रम एकट्या अर्थशास्त्राचे होते. सगळ्याची थोडी थोडी चटणी केली तर पोट भरत नाही.

तिसरे, मायनर भिंतीपलीकडचा घ्या. मेजर इतिहास, राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्र असेल तर संख्याशास्त्र, संगणक किंवा भूगोलातले नकाशाशास्त्र मागा. मेजर विज्ञानातला असेल तर अर्थशास्त्र, समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्र मागा.

चौथे, पुढची पात्रता आधी वाचा. भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेला पदवीत संख्याशास्त्र हा एक विषय असला तरी बसता येते, भारतीय आर्थिक सेवेला मात्र अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. एका विषयाने दार उघडते आणि एका विषयावाचून बंद होते. जाहिरात निघाल्यावर हे कळून उपयोग नाही.

पाचवे, महाविद्यालयाला लेखी विचारा. हा विषय खरोखर शिकवला जातो की फक्त माहितीपत्रकात आहे? दोन्ही विषयांचे तास एकाच वेळी येतात का? चौथ्या वर्षाला शिष्यवृत्ती लागू आहे का? तोंडी उत्तर घेऊ नका.

आणि सहावे, पहिल्या वर्षानंतरच्या दाराकडे पाहू नका. घरी अडचण आली तर आधी विहारात या, मग दाखला काढा.

हे शेवटचे वाक्य आमच्यासाठीही बंधनकारक आहे. जयंतीच्या डीजेला वर्गणी निघते, तर वस्तीतल्या एका मुलाच्या चौथ्या वर्षाची फी का निघू नये? विहारात रविवारी वंदनेनंतर एक तास संख्याशास्त्राचा का असू नये? शिकवणारे इंजिनिअर आपल्यात आहेत. त्यांना आपण फक्त 14 एप्रिलला बोलावतो.

त्या मुलीचे काय झाले? तिने मेजर संख्याशास्त्र आणि मायनर समाजशास्त्र मागितले. महाविद्यालयातून तोंडी उत्तर आले, "वेळापत्रकात बसत नाही." तिने अर्ज केला, त्यावर आवक क्रमांक घेतला. सोमवारी आम्ही तिच्यासोबत जाणार आहोत. वडीलही रजा टाकून येणार आहेत. कंत्राटी कामगाराची रजा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. "खाली उतरली" म्हणणारा बाप ती मजुरी बुडवून तिच्या बाजूने उभा राहतो आहे. ज्यांच्या शहरात हे जमेल त्यांनी आपापल्या महाविद्यालयात असाच अर्ज द्यावा, आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नये.

जय भीम!