मर दिसण्याआधीचे काम

कळमेश्वर-सावनेर पट्ट्यात पावसाळी वांगी, टमाटर, मिरचीच्या रोपवाटिकांची तयारी आता सुरू होईल. पहिली झड लागली की वाफ्यातली रोपे जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतात. त्यातून वाचलेली काही झाडे पुढे ऐन फुलोऱ्यात उभ्याउभ्या सुकतात. मग कृषी सेवा केंद्रातून कार्बेन्डाझिमचा पुडा येतो, आळवणी होते आणि पुष्कळदा काहीच फरक पडत नाही. औषध चांगले असूनही हे घडते. झडीत रोपे कोलमडतात ती बहुधा पिथियममुळे, पाणी साचलेल्या मिरचीची मुळे कुजतात ती फायटोप्थोरामुळे, आणि कार्बेन्डाझिम या दोघांवर चालतच नाही. जमिनीतल्या उपयोगी ट्रायकोडर्माला मात्र ते मारते.

रासायनिकऐवजी जैविक वापरा, असा सल्ला आपण सगळेच देतो. तो देताना पुडा बदलतो, वापरायची वेळ मात्र तीच राहते. झाडाने माना टाकल्यावर ट्रायकोडर्माची आळवणी करून ते झाड उठत नाही. रोगाच्या आधी मुळाभोवतीची जागा या बुरशीने धरली, तरच ती पुढच्याला शिरू देत नाही. ट्रायकोडर्माचे तंतू रायझोक्टोनियाच्या तंतूंना वेटोळे घालून त्यांना संपवतात, हे रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ मध्येच दाखवले होते. त्यांनी पुढे हे प्रयोग लिंबूवर्गीय रोपांच्या मरीवर नेले, हे संत्र्याच्या या मुलखात आवर्जून सांगण्यासारखे आहे.

म्हणून सल्ला लिहिण्याआधी झाड उपटून बघावे, ही आमची कृषी सहायकांना आणि केंद्रचालकांना कळकळीची विनंती आहे. खोड उभे चिरावे. आत तपकिरी रेघ दिसली तर फ्युजेरियमचा संशय घ्यावा. जमिनीलगत कापसासारखी पांढरी वाढ आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे असतील, तर तो स्क्लेरोशियम. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी. आणि वांग्या-टमाटरात एक परीक्षा कधीच टाळू नये: बुडख्याजवळचा खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात लटकता धरावा. काही मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधट धागा खाली उतरू लागला, तर ती जिवाणूजन्य मर आहे. तिथे कोणतेही बुरशीनाशक लागू पडत नाही. ती झाडे मुळासकट काढून वावराबाहेर न्यावीत आणि पुढच्या हंगामात त्या जागी वांगे, टमाटर, मिरची घेऊ नये.

बुरशीजन्य मर असेल तर सगळा भर लागवडीआधीच्या कामावर हवा. बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावा. वावरासाठी मात्र पुड्यातली भुकटी तशीच फेकणे म्हणजे पैसा मातीत घालणे होय, कारण उघड्या, कोरड्या जमिनीत ती तगत नाही. झाडाच्या सावलीत १०० किलो कुजलेल्या शेणखतात एक-दोन किलो भुकटी आणि थोडी निंबोळी पेंड मिसळावी. पाणी शिंपडून मुठीत लाडू वळेल एवढीच ओल ठेवावी, वर ओली पोती टाकावीत, आठवड्याने एकदा ढीग वरखाली करावा. दोन आठवड्यांत त्यावर हिरवट थर चढतो. हे खत ओल्या जमिनीत, संध्याकाळी, मुळांच्या टप्प्यात द्यावे. शेणखत कच्चे असेल तर ते वापरूच नये. त्या काडीकचऱ्यावर स्क्लेरोशियम पोसते.

आपल्याकडे काळी भारी जमीन आहे. पाणी धरणाऱ्या अशा जमिनीत गादीवाफा नसेल, तर कोणतेच जैविक टिकणार नाही. संत्राबागांत फायटोप्थोराने डिंक्या येतो म्हणून खोडाला पाणी टेकू नये यासाठी दुहेरी आळे करतात. भाजीत तेच काम १५-२० सेंटिमीटर उंच वाफा आणि मोकळे चर करतात.

जीवामृत, बीजामृत वापरणाऱ्यांविषयी आम्हाला आदर आहे. जमिनीत जीव वाढवायला ते जरूर वापरावे. पण त्यात कोणते जिवाणू किती, हे दर खेपेला बदलते, त्यामुळे मरीची हमखास राखण म्हणून ते विकणाऱ्यांना आमचा विरोध आहे. पुड्याच्या जैविकालाही हाच न्याय. ट्रायकोडर्माची नोंदणी कीटकनाशक कायदा १९६८ खाली होते आणि दर ग्रॅममध्ये किमान २० लाख जिवंत बीजाणू असावे लागतात. नोंदणी क्रमांक आणि अंतिम तारीख नसलेला, किंवा दुकानाच्या पत्र्याखाली मे महिनाभर तापलेला पुडा शेतकऱ्याच्या हाती देऊ नये.

हाच उन्हाळा मात्र रोपवाटिकेच्या कामी येतो. वाफा तयार करून भरपूर भिजवावा, वर २५ मायक्रॉनचे पारदर्शक पॉलिथिन ताणून चारही कडा मातीत गाडाव्यात आणि चार ते सहा आठवडे हात लावू नये. काळे पॉलिथिन नको, ते माती तेवढी तापवत नाही. इस्रायलमध्ये याकोव्ह काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ही पद्धत मांडली. विदर्भाच्या उन्हात तिला खर्च फक्त पॉलिथिनचा. ते काढल्यावर वाफा खोल खणू नये, नाहीतर खालची न तापलेली माती वर येते. मेच्या पहिल्या आठवड्यात अंथरलेले पॉलिथिन जूनच्या मध्यावर निघते. शेणखताचा ढीग त्याच्या दोन आठवडे आधी सावलीत लावला, तर पॉलिथिन निघेल त्याच दिवशी खत वाफ्यात मिसळून बी टाकता येईल.