प्रवासांतील काटकसर

वर्गांत आफ्रिका खंडाचा नकाशा टांगलेला असतां, "पैसे थोडे असतील तर तिकडे प्रवास कसा करावा?" असा प्रश्न आम्हीं एकदां विद्यार्थ्यांस केला. बहुतेकांचें उत्तर एकच आलें : घरून फराळाचे डबे न्यावे आणि भाव करतांना मुळींच हार जाऊं नये. हें उत्तर आमच्या मनांत घोळत राहिलें. कारण त्यांत काटकसर थोडी आणि अविश्वास फार आहे.

आफ्रिका हा एक देश नव्हे, पन्नासांहून अधिक देशांचें तें खंड आहे. म्हणून पूर्वेकडील केनिया व टांझानिया यांच्यापुरतेंच बोलूं. तेथील सामान्य माणसाचें मुख्य अन्न उगाली होय. मक्याचें पीठ उकळत्या पाण्यांत घोटून केलेला हा पदार्थ आपल्या उकडीची आठवण करून देतो. उजव्या हातानें त्याचा लहान गोळा करून तो पालेभाजीबरोबर अथवा घेवड्याच्या उसळीबरोबर खातात. केनियांत त्या पालेभाजीचें नांवच 'सुकुमा विकी', म्हणजे 'आठवडा पुढें ढकल', असें आहे. तुटपुंज्या मिळकतीवर घर चालविणाऱ्या गृहिणीचा सारा संसार या दोन शब्दांत आला. टांझानियांत रस्त्याच्या कडेस अन्न शिजवून विकणाऱ्या बाईस 'मामा न्तिलिए', म्हणजे 'आई, मला वाढ', म्हणतात. ज्या प्रवाशास अशी हांक मारण्याची लाज वाटत नाहीं, त्यास परदेशांत उपाशी राहण्याचें भय नाहीं. चपाती आणि चहा तर तेथें त्याच नांवांनीं मिळतात.

प्रवासासाठीं केनियांत 'मटाटू' व टांझानियांत 'डालाडाला' नांवाच्या मोटारी आहेत. त्या बहुधा भरल्यावांचून सुटत नाहींत. केनियांत गर्दीच्या वेळीं व पावसांत भाडेंही वाढतें. म्हणून बसण्यापूर्वीं भाडें विचारावें, सुटे पैसे जवळ ठेवावे आणि घड्याळाकडे पाहून चडफडूं नये. मोंबासाहून नैरोबीस २०१७ सालापासून नवी आगगाडी धांवते. तिच्या आधींचा जुना लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळांत झाला. त्यासाठीं हिंदुस्थानांतून सुमारें ३२,००० मजूर नेले होते, आणि त्यांपैकीं सुमारें २,५०० तेथेंच मृत्यु पावले. त्या भूमीशीं आपलें नातें असें घामाचें आहे. तेथें तोऱ्यानें वागणें आपणांस शोभत नाहीं.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, आपली गरज कमी करणें ही काटकसर, आणि दुसऱ्याचा घांस कमी करणें ही कृपणता. मोठ्या हॉटेलाऐवजीं साधी खोली घेणें, खासगी मोटारीऐवजीं मटाटूंत दाटीनें बसणें, ही काटकसर होय. परंतु केळीं विकणाऱ्या बाईशीं चार शिलिंगांसाठीं हुज्जत घालावी आणि घरीं येऊन त्याची फुशारकी मारावी, यांत आपण आपल्या खर्चातून कांहींच वांचविलें नाहीं. तिच्या कमाईंतून घेतलें. कोणी म्हणेल, परक्यास लुबाडणारेही असतात. असतात, आपल्या स्टेशनांबाहेर ते नाहींत काय? दोघांतिघां स्थानिक माणसांस दर विचारावा आणि तो हंसतमुखानें द्यावा. तसेंच अन्न गरम व पाणी उकळलेलें पाहून घ्यावें. ही सावधगिरी आहे, तुच्छता नव्हे.

'प्रेषितांचीं कृत्यें' या पुस्तकांतील फिलिप्पाची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. फिलिप्प पायीं होता. रथांत बसला होता तो हबशी राणीचा खजिनदार. त्यानेंच फिलिप्पास वर बोलावून आपल्याजवळ बसविलें. सुवार्ता सांगणारा त्या दिवशीं एका आफ्रिकी गृहस्थाच्या रथांतला पाहुणा होता, हें आपण सहसा विसरतों.

आमच्या मुलांपैकीं कोणी त्या देशीं गेला तर त्यानेंही पाहुण्यासारखें जावें. फराळाचा डबा खुशाल न्यावा. मात्र मटाटूंत तो उघडतांना प्रथम शेजाऱ्यापुढें करावा.