खिशात चाकू कशाला? बॅटरी ठेवा!

मंडळी, सध्या गावागावांतल्या पोरांच्या मोबाईलवर एकच खूळ दिसतंय. घडीचा चाकू, त्यातच पक्कड, त्यातच स्क्रू-ड्रायव्हर, सगळं एका मुठीत. ऑनलाईन मागवायचं, कमरेला अडकवायचं आणि रील टाकायची. हौसेला मोल नाही, मान्य. पण आपल्या तालुक्यात रोज खिशात काय असायला पाहिजे, हा प्रश्न हौसेचा नाही, जिवाचा आहे.

तसं हे खूळ नवीन नाहीच. आपल्या आज्यांच्या चंचीत अडकित्ता असायचा, काटा काढायचा चिमटा असायचा. आयाबायांच्या मंगळसूत्राला नाहीतर बांगडीला आजही दोन-तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात. चप्पल तुटो, ब्लाऊजचं हुक निघो, पायात काटा मोडो, काम भागतं. त्याची रील कुणी काढत नाही. निवड मात्र बरोबर आहे: जे रोज लागतं, तेच जवळ.

या हिशेबानं शेतकऱ्याच्या खिशात पहिला मान बॅटरीचा. कृषीपंपाची लाईट आलटून-पालटून रात्रीची येते, आणि रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याच्या वाटेत घोणस, नाग, मण्यार, फुरसं काहीही असू शकतं. मोबाईलचा टॉर्च आहे की, असं पोरं म्हणतात. पण टॉर्च लावून मोबाईल डाऊन झाला, तर १०८ ला फोन कशावरून लावणार? म्हणून बॅटरी वेगळीच पाहिजे. शक्यतो डोक्याला बांधायची घ्या, म्हणजे फावड्याला दोन्ही हात मोकळे राहतात. पायात गमबूट असतील तर उत्तमच.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. साप चावल्यावर खिशातल्या चाकूचं काहीही काम नाही. जखम कापायची नाही, रक्त चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. अंगठी, कडं, बांगड्या काढा, हातपाय हलवू देऊ नका आणि थेट दवाखाना गाठा. मण्यार चावली तर कधी कधी धड दुखतही नाही. म्हणून 'काही होत नाही' म्हणून थांबू नका.

दुसरी वस्तू टेस्टर. बऱ्याच जणांच्या खिशाला पेनाशेजारी तो असतोच. पण टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही, असं धरून चालू नका. आधी चालू बोर्डावर तो पेटतोय का ते बघा. आणि टेस्टर जवळ आहे म्हणून डीपीवर हात घालू नका, ते वायरमनचं काम.

आता चाकू. सुतळी कापायला, ठिबकची नळी कापायला छोटा चाकू लागतोच. घडीचा घेतला तर पात्याला लॉक असलेला घ्या, नाहीतर स्वतःचीच बोटं जातात. कायदाही माहीत असू द्या. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती आणि शेतीकामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. पण सण, मोर्चे, निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा आदेश लागू असतो. तेव्हा इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू घेऊन बाजारात फिरणं महागात पडू शकतं. शेतातला विळा शेतातच शोभतो. वाढदिवसाचा केक कोयत्यानं कापणाऱ्यांना तर काय सांगायचं? एका फोटोपायी पोरगं पोलीस ठाण्यात आणि बाप वकिलाच्या दारात!

पण सगळा भार शेतकऱ्याच्या खिशावर टाकून सरकारला मोकळं होता येणार नाही. दिवसा वीज देऊ म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. आपल्या फीडरचं काय झालं, हे ग्रामसभेत विचारायला नको का? केंद्रानं २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट आहे. मग आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आज सर्पदंशाची लस आहे का? रात्री डॉक्टर असतात का? हे साप चावल्यावर नाही, आजच जाऊन विचारा.

बॅटरी अंधारातला साप दाखवील. पण रात्री दोन वाजता माणसाला शेतात जायला लावणारा अंधार तिच्यानं हटणार नाही. त्यासाठी आपल्यालाच तोंड उघडावं लागेल.

तुमच्या गावात लाईट दिवसा येते की रात्री, आणि दवाखान्यात लस आहे की नाही, गावाच्या नावासह खाली लिहा. पुढचा पाठपुरावा आपण मिळून करू.